दुखलं नाही म्हणून

"काय झालं होतं हो त्यांना?" असं जो कुणी विचारतो त्याला मी सांगते, हृदयाचं दुखणं होतं. खोटं नाही ते. दवाखान्याच्या कागदावरही तसंच आहे. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुगली होती, ती फुटली. लोक मान हलवतात, "हल्ली हार्टचं फारच वाढलंय" म्हणतात आणि कप खाली ठेवून उठतात. ती रक्तवाहिनी कशानं फुगली हे कुणी विचारत नाही. मीही आपण होऊन सांगत नाही.

तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला. आपली पल्लवी पंधरा दिवस राहून पुण्याला नोकरीवर परत गेली. सुट्टी संपल्यावर मी शाळेत जायला लागले. चौथीच्या पोरांसमोर उभी असते तोवर बरी असते. सोलापुरात, आपल्या शुक्रवार पेठेत शिरले की चाल मंदावते. घराचं कुलूप मी पहिल्यांदाच काढतेय असं नाही, तुमच्या ड्यूट्या असायच्याच. पण तेव्हा कुलूप काढताना तुम्ही किती वाजता येणार हे ठाऊक असायचं.

तुमचा आवाज गेला तिथून हे सगळं सुरू झालं. होटगी स्टेशनावर तुम्ही पॉइंट्समन, गाड्यांचे रूळ बदलून द्यायचं काम. दोन रूळ ओलांडून पलीकडच्या माणसाला हाक ऐकू जायची, एवढा तुमचा गळा. दिवाळीत तो बसला. आपण म्हटलं फटाक्यांचा धूर असेल. हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं, घशाच्या डॉक्टरांकडे दोन खेपा झाल्या. मग जिना चढताना तुम्हाला धाप लागायला लागली, तेव्हा छातीचा फोटो काढला, आणि त्यानंतर मोठं स्कॅन. हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं, ती फुगलेली रक्तवाहिनी आवाजाच्या नसेवर दाबतेय. ऑपरेशन पुण्याला करावं लागेल. आणि जाता जाता म्हणाले, "एक रक्ताची तपासणी लिहून देतो. दोघांचीही करून घ्या."

दोघांची का, हे मी विचारलं नाही. तुम्हीही नाही.

रिपोर्ट आल्यावर आपल्याला सरकारी दवाखान्यातल्या दुसऱ्या मजल्यावर पाठवलं. दारावर पाटी होती, चर्मरोग व गुप्तरोग. तुम्ही ती वाचलीत आणि माझा दंड धरलात. "चुकून पाठवलंय गं. चल, खाली जाऊ." तुम्ही असं गर्दीत कधी माझा हात धरला नव्हता. तेवढ्यात आतून आपलं नाव पुकारलं.

डॉक्टरीणबाई आपल्या पल्लवीहून थोड्याच मोठ्या. त्यांनी केसपेपरच्या मागच्या बाजूला पेनानं एक बारीक, पिळाची रेघ काढली, स्प्रिंग ओढून लांब करावी तशी. म्हणाल्या, "हा जंतू. साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतही नाही, इतका बारीक. आजाराचं नाव सिफिलिस. मराठीत उपदंश म्हणतात."

"गरमी," तुम्ही म्हणालात. त्या बसलेल्या आवाजात, कुणी न विचारता.

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही टेबलाकडे बघत होतात. तुम्हाला तो शब्द माहीत होता. रिपोर्टापेक्षा मला त्याच गोष्टीचा धक्का बसला.

बाई समजावून सांगत राहिल्या. हा जंतू शरीरसंबंधातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. एका ताटात जेवून, कपड्यांनी, संडासाच्या भांड्यावरून येत नाही. ज्याला झालाय त्याच्या फोडाला नाजूक कातडी लागली की आत शिरतो. मग दोन-चार आठवड्यांनी जिथून शिरला तिथे एक फोड येतो. "कडक, पण दुखत नाही. आणि औषध घेतलं नाही तरी आपोआप भरून येतो. तिथंच माणूस फसतो. त्याला वाटतं, गेलं."

तुमच्या हातातली पिशवी खाली पडली. तुम्ही ती उचलायला वाकलात आणि बराच वेळ वाकूनच राहिलात.

"त्यानंतर काही आठवड्यांनी, कधी दोन-तीन महिन्यांनी अंगावर लालसर डाग उठतात," बाई म्हणाल्या. "तळहातावर, तळपायावरसुद्धा. खाज नसते. बारीक ताप, अंगदुखी, केस गळणं. तेही निघून जातं."

मी माझे तळहात उलटे करून मांडीवर ठेवले. लग्नाचं पहिलं वर्ष आठवलं. होटगीच्या घरात भाकरी थापताना माझ्या तळव्यांवर फिकट तांबूस ठिपके होते. तुमच्या आईंनी, माझ्या आत्तींनी, ते पाहिले आणि म्हणाल्या, "उष्णता झालीय. सोलापूरचं ऊन सोसंना हिला." रोज सकाळी सब्जाचं पाणी प्यायला लावायच्या. महिन्या-दीड महिन्यात डाग गेले. त्यांना वाटलं सब्जानं गेले. मलाही तसंच वाटलं.

"मग पुढे?" मी विचारलं.

"पुढे काहीच नाही. वर्षानुवर्षं. रक्तात असतो, बाहेर दिसत नाही. या काळात हळूहळू दुसऱ्याला लागण्याचा जोरही संपतो. कित्येकांना पुढे आयुष्यभर त्रास होत नाही. काहींच्या मात्र मेंदूला, नसांना नाहीतर हृदयाला धरतो. वीस-पंचवीस वर्षांनीसुद्धा." त्यांनी तुमच्या फाइलवर बोट ठेवलं. मग कागद पुढे ओढला. "मुलं किती?"

"एक," तुम्ही म्हणालात.

"तीन," मी म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं.

तुमच्यासमोर मी ते पुन्हा कशाला सांगू? पण त्या दिवशी सांगितलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ते पूर्ण ऐकून घेतलं. पहिली मुलगी आठव्या महिन्यात पोटातच गेली. दुसरा मुलगा जन्मला, रडला. नाक सारखं चोंदलेलं, दूध ओढताना धाप लागायची. त्याच्या एवढ्याएवढ्या तळव्यांची कातडी सोलून निघत होती. अकरा दिवस. आत्ती ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून त्याच्या छातीला शेकत बसायच्या. बाराव्या दिवशी त्याचं नाव ठेवायचं होतं. मग पाच वर्षांनी पल्लवी, ठणठणीत.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "आईच्या रक्तातून बाळाला जातो. जसजशी वर्षं उलटतात तसा त्याचा जोर कमी होतो, म्हणून शेवटची मुलगी वाचली असेल. तरी तिचंही रक्त तपासा. आता प्रत्येक गरोदर बाईची ही तपासणी पहिल्याच भेटीत करतात. सापडलं तर पेनिसिलिन देतो. सुरुवातीचा आजार असेल तर एक इंजेक्शन पुरतं."

"एक इंजेक्शन?"

"हो."

माझ्या दोन मुलांच्या आणि माझ्या मध्ये एक सुई होती, हे कळायला मला अठ्ठावीस वर्षं लागली.

आपल्या दोघांनाही तीन आठवडे तीन इंजेक्शनं होती, दर मंगळवारी. आधी हातावर थोडंसं टोचून बघायचे, अर्धा तास बसवायचे, मग कमरेवर. औषध दाट, आत जाताना पाय बधिर करणारं. तुम्ही पुरुषांच्या पडद्याआड, मी बायकांच्या. बाहेर येऊन आपण दोघं एकाच पायानं लंगडत जिना उतरायचो. खालच्या शेजारीणबाईंनी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "दोगंबी एकाच पायरीवरनं घसरलो." त्यांचा विश्वास बसला नसावा. घरात आल्यावर मला हसू आलं, आणि हसता हसता मी तुमच्यावर तांब्या फेकला. तो भिंतीला लागला. तुम्ही तो उचलून, पाणी पुसून जागेवर ठेवलात, आणि खाटेवर बसून सांगायला लागलात.

लग्नाआधीचं वर्ष. तेव्हा तुम्ही गँगमन होतात, रूळदुरुस्तीच्या टोळीत. महिना महिना घर सोडून रेल्वेच्या डब्यात राहायचं, तिथंच रांधायचं. बरोबरचे जायचे तिथं तुम्हीही गेलात. दोनदा. "एक फोड आला. दुखतच नव्हता की गं. टोळीतल्या एकानं वैदूकडं नेलं. तो म्हनला गरमी हाय. काळं मलम दिलं. पंधरा दिसात गेला. मला वाटलं, बरं झालं. दुखलं असतं तर दवाखान्यात गेलो असतो. दुखलं न्हाय म्हणून कुणाला सांगितलं न्हाय."

तुम्ही पैसे देऊन जिच्याकडे गेलात त्या बाईबद्दल मला राग नव्हता, आजही नाही. तिला कुणी दिलं असेल, तिचं कुणी बघितलं असेल का, असलेच विचार येतात. तुमच्या त्या दोन वेळांचाही मी राग धरला नाही. मला एकच विचारायचं होतं आणि मी विचारलं. "पोरगी गेली तेव्हा मनात आलं होतं का?"

तुम्ही खाटेवरची चादर सारखी करायला लागलात. मी पुन्हा विचारलं.

"मुलगा गेला तवा आलं," तुम्ही म्हणालात. "त्याचे तळवे बघून. एकदा दवाखान्याच्या दारापतूर गेलोबी. माघारी आलो."

"मग मला का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तू गेली असतीस."

"गेले नसते."

"गेली असतीस."

हे भांडण आपण चार महिने भांडलो. भाजी निवडताना, बसमध्ये, पेन्शनचे कागद लावताना. कधी रागानं, कधी नुसतं सवयीनं. तुमचा आवाज बसलेला, त्यामुळे माझाच ऐकू जायचा. खरं सांगू? त्या चार महिन्यांत आपण जेवढं बोललो तेवढं आधीच्या तीस वर्षांत बोललो नव्हतो. आजाराचे आभार मानायला मी वेडी नाही. पण त्या दिवसांत तुम्ही एकदाही दार आपटून बाहेर गेला नाहीत, हे मी विसरणार नाही. पल्लवीलाही तुम्ही स्वतः सांगितलंत. मी म्हटलं होतं, मी सांगते, बाईची गोष्ट बाई सांगेल. तुम्ही म्हणालात, "न्हाय. माझंय ते." ती संक्रांतीला आली तेव्हा तिला समोर बसवून, थांबत थांबत, बाईंनी सांगितलेलं सगळं क्रमानं सांगितलंत. ती रडली, चिडली, दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही. मग रक्त देऊन आली. तिचा रिपोर्ट निर्मळ होता. तुम्ही तो कागद शर्टाच्या खिशात घालून फिरायचात.

राहिल्या होत्या आत्ती.

पहिल्या दोन मुलांनंतर त्या मला काय काय बोलल्या, ते तुमच्यासमोरच बोलल्या. "हिची कूसच जळकी" म्हणाल्या. धाकट्या जाऊबाईंच्या मुलाच्या बारशाला मला स्वयंपाकघरात बसवलं, पाळण्याजवळ येऊ दिलं नाही. तुम्ही तेव्हा अंगणात मंडपाची दोरी बांधत होतात. मी तुम्हाला म्हटलं, ऑपरेशनला पुण्याला जायच्या आधी त्यांना सांगा. माझं दुसरं काही मागणं नाही.

फाल्गुनात आपण होटगीला गेलो. आत्ती पडवीत सुपात तूर निवडत होत्या. जाऊबाई शेतावर. तुम्ही समोर बसलात आणि म्हणालात, "आई, सुरेखाच्या पोरांचं… तिच्यात दोष न्हवता."

त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांचे कान गेलेले, तुमचा आवाज गेलेला. "काय म्हनतोस? मोठ्यानं बोल की!"

तुम्ही पुन्हा म्हणालात. पुन्हा त्यांनी कानाला हात लावला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. माझा गळा शाळेतला, पन्नास पोरांना पुरणारा. मी एकदा ओरडून सांगितलं असतं तर झालं असतं. मी मान हलवून नाही म्हणाले.

मग तुम्ही सूप बाजूला सरकवलंत, त्यांना अगदी खेटून बसलात आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन बोलायला लागलात. किती वेळ बोलत होतात! मला एक शब्दही ऐकू आला नाही. मला दिसत होतं ते आत्तींचं तोंड, आणि तुरीत तसाच राहिलेला त्यांचा हात. तुमचं बोलून झालं. मराठी सुटून आत्तींच्या तोंडी कानडी आली.

"याक हेळलिल्ल, मल्लू?" का नाही सांगितलंस? आणि मग माझ्याकडे बोट करून, "इतकी वर्षं मला हिला बोलू दिलंस व्हय?"

मला बरं वाटेल असं वाटलं होतं. बरं वाटलं नाही. दोघी बायका एकाच माणसाला एकच प्रश्न विचारत होतो, आणि तो माणूस पडवीत मान खाली घालून बसला होता. मला तुमची कीव आली. ती मी दाखवली नाही. दाखवायला हवी होती का, हे मला अजून ठरवता येत नाही.

डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की औषधानं जंतू मरतो, पण जे झिजलंय ते परत बांधून येत नाही. पुण्याची तारीख दोनदा पुढे गेली. तुम्ही म्हणायचात, "रेल्वेत हाय म्हणून उशिरा येतंय सगळं." तुम्ही गेलात त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं, पाच दिवसांतून एकदा येतं ते. मी मागच्या बाजूला पिंपाला पाइप लावून बसले होते. पिंप भरत आलं तसं मी आत हाक मारली, "मोटर बंद करा हो!" उत्तर आलं नाही. तुमच्याकडून हल्ली उत्तर यायचंच नाही, ऐकू येण्याएवढा आवाजच नव्हता. म्हणून मला काही वाटलं नाही. मी दोनदा हाक मारली. मोटर चालूच राहिली, पिंप वाहायला लागलं, तेव्हा चिडून आत आले. तुम्ही मोटरच्या बटणाखाली भिंतीला टेकून बसलेले होतात. हाक ऐकून उठला होतात. डॉक्टर म्हणतात, क्षणात झालं असणार, कळलंही नसेल. दुखलं नसेल असं ते मला सांगत होते, आणि मला तो शब्द ऐकवत नव्हता.

आपल्यात जाळत नाहीत, रिवाजाप्रमाणे तुम्हाला होटगीच्या मातीत बसवलं. मी फुलं टाकली. तिसऱ्या दिवशी बायका जमल्या. कुणीतरी सुस्कारा टाकून म्हणालं, "नशीबच तसलं बाईचं. आदी पोरं, आता नवरा." आत्ती कोपऱ्यात पडून होत्या. त्यांना ऐकू गेलं कसं, कुणास ठाऊक. उठून बसल्या.

"तिचं नशीब काडू नका," त्या म्हणाल्या. "माज्या सुनंत कायबी दोष न्हवता. मी चुकीचं बोलले. सगळ्यांनी ऐका." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आत्ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडल्या. का, कसं, ते कुणाला सांगितलं नाही. तुम्ही त्यांच्या कानात काय बोललात तेही मी एकदा विचारून पाहिलं. "ते माज्या लेकाचं आन माजं," म्हणाल्या. राहू दे. तेवढं तुमचं असू दे.

माझं मात्र एक सांगायचं राहिलं. त्या चार महिन्यांच्या भांडणात मी खोटं बोलत होते. तेव्हा तुम्ही सांगितलं असतंत तर मी गेले असते. मुलगा गेल्यावर सांगितलं असतंत तर त्याच दिवशी माहेरची एसटी धरली असती आणि परत आले नसते. तुमचं बरोबर होतं. पण तुम्ही सांगायलाच हवं होतं. जायचं की राहायचं ते मला ठरवू द्यायला हवं होतं. कदाचित पल्लवी झाली नसती. हे वाक्य लिहिताना माझा हात थांबतो, आणि तरी मी ते खोडत नाही. या दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत. त्या कुणाला समजावून सांगाव्यात असा माणूस एकच होता.

सहा महिन्यांनी रक्त तपासायला बोलावलं होतं. काल रिपोर्ट आणायला त्याच दुसऱ्या मजल्यावर गेले. खिडकीवरच्या सिस्टरनी विचारलं, "मिस्टर नाही आले? त्यांचाही नंबर होता."

"ते गेले," मी म्हणाले.

त्यांनी तुमचा कागद माझ्या कागदापासून वेगळा केला. मग डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावून पाणी दिलं. म्हणाल्या, "आकडा सोळावर होता, चारवर आलाय. औषध लागू पडलं. अजून सहा महिन्यांनी एकदा बघू. एक लक्षात ठेवा, दुसरी एक तपासणी असते, ती मात्र तुमची जन्मभर पॉझिटिव्हच येणार. पुढे कुठं केली आणि कुणी घाबरवलं तर घाबरू नका. आजार आहे असा त्याचा अर्थ नाही. कधीतरी होता, एवढंच ती सांगते."

मी मान हलवली. बाहेर येऊन पल्लवीला फोन लावला, ती मीटिंगमध्ये होती. आत्तींना फोनवर ऐकू येत नाही. शाळेतल्या बायकांना मी हृदयाचं सांगितलंय. रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभी राहिले आणि चालत घरी आले.

अहो, रिपोर्ट चांगला आलाय.